शुभेच्छापत्र आणि हाताचा ठसा

टपालाने आलेले कार्ड वाचण्यापूर्वीच त्यातील वार्ता ओळखण्याची विद्या मराठी घरांतून पूर्वी लहानथोर सर्वांनाच अवगत असे. कार्डाच्या कोपऱ्यांवर हळदकुंकवाची बोटे उमटलेली दिसली की लग्नमुंजीचे आमंत्रण आले, हे अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही कळे. आणि एक कोपरा फाडलेला दिसला की ते घेणारा हात जागच्या जागी थबके. पाव आण्याचे पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ साली निघाले. सरकारी छापखान्यातून बाहेर पडणारा तो तुकडा राजापासून रंकापर्यंत सर्वांना सारखाच. परंतु कुंकवाचे एक बोट त्यास लागले की तो त्या एका घराचा होई. मजकूर नंतर यावयाचा, हात आधी पोहोचावयाचा.

शुभेच्छापत्र हा प्रकार मात्र नेमका याच्या उलट हेतूने जन्मास आला. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले, आणि नाताळात येणाऱ्या पत्रांची उत्तरे देणे प्रतिष्ठितांस जड जाऊ लागले. हेन्री कोल या कामाच्या धबडग्यात बुडालेल्या गृहस्थाने १८४३ साली यावर तोड काढली. जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून त्याने त्याच्या हजार प्रती शिळाछापावर काढविल्या. स्वतःला लागतील तेवढ्या ठेवून उरलेल्या एकेक शिलिंगास विकावयास ठेवल्या. म्हणजे पत्र लिहिण्यास सवड नाही या अडचणीतून शुभेच्छापत्र निघाले, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही त्या हजार प्रतींत रंग भरले होते ते हातानेच. पुढे यंत्राने तेही काम हातावेगळे केले. आणि आज मोबाइलच्या पडद्यावरून एकच चित्र एका क्षणात दोनशे जणांस धाडता येते, तेव्हा धाडणाऱ्याचे एक बोट हलते इतकेच. अशा काळात कोणी कात्री, खळ आणि ठसे घेऊन तासभर एका कार्डाशी बसतो, हे वरकरणी वेडेपणाचे वाटावयाचे. परंतु असे बसणारे पुष्कळ आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण अंगाचे गारखेडा घ्यावे. नावातील खेडे आता नावातच राहिले असून शहराने त्यास केव्हाच पोटात घेतले आहे. सूतगिरणी चौक, क्रीडा संकुल, त्यांच्या आजूबाजूस पसरलेल्या वसाहती, असा तो सारा भाग. येथल्या घरांतून, मराठी मुलुखातील कोणत्याही शहराप्रमाणेच, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले जाते आणि मुले ठसेकामास बसतात. पहिला ठसा अर्थातच भाजीच्या टोपलीतला. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते, कांद्याची वर्तुळे मिळतात, बटाट्याच्या अर्ध्या फाकीवर पतंग कोरता येतो. कापलेला भाग फडक्याने पुसून थोडा वेळ वाऱ्यास ठेवावा लागतो. नाहीतर भाजीतील पाणी रंगात मिसळते आणि फुलाच्या जागी डाग पडतो. मुलांना ही घाई आवरत नाही, म्हणून पहिली दहा फुले बहुधा डागच असतात. हा केवळ पोरखेळ समजू नये. जपानात नववर्षाची पत्रे बटाट्याच्या व रताळ्याच्या ठशांनी सजविण्याची रीत आहे, आणि थोर माणसेही त्यात कमीपणा मानीत नाहीत.

पूर्वी संक्रांतीच्या भेटकार्डासोबत पाकिटात हलव्याचे चार दाणे घालीत. टपालखात्याच्या शिक्क्याखाली सापडून त्यांची पूड होई, ती पूडही जिभेस लावली जाई. मराठी शुभेच्छा नुसत्या शब्दांवर कधी भागली नाही. दसऱ्यास आपट्याचे पान हातात पडावे लागते, संक्रांतीस तीळ. हाताने केलेले कार्ड या पंक्तीत सहज बसते.

भेंडीनंतरची पायरी रबराची. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनास १८३९ साली गंधकासह रबर तापविले असता ते उन्हाळ्यात चिकटत नाही व थंडीत तडकत नाही, असे आढळून आले. त्यातून पुढे जी असंख्य साधने निघाली त्यांपैकी रबरी शिक्का हे एक. जुळविलेल्या खिळ्यांवरून प्लॅस्टरचा साचा घ्यावयाचा, त्यात रबराची पट्टी दाबून तापवावयाची आणि निघालेली अक्षरे लाकडी मुठीस चिकटवावयाची, अशी त्याची जुनी कृती. हा शिक्का जन्मभर कचेरीत राबला. गोल शिक्का बसल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही, दाखला दाखला ठरत नाही. सामान्य माणसाच्या मनात शिक्का या शब्दासरशी खिडकी, रांग आणि जांभळी शाई उभी राहते. तेच साधन घरातील टेबलावर आले की त्याचा स्वभावच बदलतो. कचेरीतील शिक्क्याचे सारे मोल दर वेळी तंतोतंत तसाच उमटण्यात असते. कार्डावरील ठसा किंचित वाकडा, एका बाजूस फिकट, असा उमटला तर बिघडत तर नाहीच, उलट कोणाचा तरी हात येथे टेकला होता याची खूण राहते.

बाजारात तयार ठसे मिळतात, परंतु त्यांतील बहुतेकांवरील शब्द इंग्रजी. मराठी शब्द हवा असेल तर खोडरबर घेऊन स्वतः कोरणे हाच उत्तम उपाय. अक्षरे उलटी कोरावी लागतात, यास पुष्कळ जण भितात. वास्तविक त्यात अवघड काही नाही. पातळ कागदावर शब्द मऊ पेन्सिलीने सुलटा लिहावा, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखाने घासावा, की शब्द आपोआप उलटा उतरतो. मग शिसे जेथे आहे तेवढे राखून बाकीचे कापावयाचे. पाते बाहेरच्या बाजूस कलते धरावे, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो. आत कापीत गेल्यास रेघ वर जाड दिसते खरी, परंतु दोनचार ठशांतच मोडून पडते.

देवनागरी लिपी या कामी मोठी उपकारक आहे. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी, त्यामुळे ती एका ओळीत धरणे कठीण जाते. देवनागरीत शिरोरेघ साऱ्या शब्दास एका दांडीवर टांगून ठेवते. नडतात त्या वेलांट्या, आणि अनुस्वार तर हमखास दगा देतो. ‘संक्रांत’ हा शब्द कोरणाऱ्यास याचा अनुभव लगेच येतो. दोन्ही टिंबे शिरोरेघेवर एकाकी उभी, त्यांना आधार कोणाचाच नाही. पहिल्या पाचपंचवीस ठशांत ती गळून गेलीच म्हणून समजावे. जाणते लोक ती कोरीतच नाहीत. शब्द उमटवून झाला की पेन्सिलीच्या टोकावरील रबराने, किंवा सरळ करंगळीने, कुंकवाच्या रंगाची दोन टिंबे वरून देतात. जुन्या आमंत्रणपत्रिकेचा कोपरा ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही टिंबे पाहून ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटते.

आता कागद. गारखेड्यातील कार्ड करणारे बहुधा दुकानातून गिरणीचा गुळगुळीत जाड कागद आणतात, आणि तेथे एक मोठीच विसंगती घडते. कारण याच शहराच्या वायव्येस, दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान, कागजीपुरा नावाचे गाव आहे आणि त्याचे नावच मुळी त्याच्या धंद्यावरून पडले आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हा त्या लवाजम्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि राजधानी परत गेली तरी ते येथेच राहिले, असे परंपरा सांगते. जुन्या मराठी दप्तरांतून जुन्नरी कागदाप्रमाणेच दौलताबादी कागदाचे नाव आढळते. चिंध्या भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून त्यांचा लगदा करावयाचा. तो हौदातील पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलावयाचा. ओला ताव भिंतीस चिकटवून वाळवावयाचा. मग त्यास खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटावयाचे. बोरूची शाई फुटू नये म्हणून ही घोटाई. गिरणीचा स्वस्त कागद आला, तेव्हा या हौदांतील पाणी आटत गेले. १९३४ साली वर्ध्यास गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागदास पुन्हा हाती धरले. १९४० साली पुण्यास हातकागद संस्था निघाली. कागजीपुऱ्यात हा व्यवसाय आज थोड्याच हातांत उरला आहे, आणि त्या हातांना हिशेबाच्या वह्या वा ग्रंथलेखन यांचे काम यापुढे कोणी देणार नाही, हे उघड आहे. जे काम मिळावयाचे ते पिशव्या, वेष्टने आणि शुभेच्छापत्रे असलेच. ज्या कागदावर एके काळी फर्माने लिहिली गेली त्यावर आता वाढदिवसाच्या फुग्यांचे ठसे, असे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. परंतु रिकाम्या हौदापेक्षा फुगे बरे.

ठसे उमटविणाऱ्यास हातकागद थोडा त्रास देतो, हे मात्र लपवून ठेवू नये. बिनघोटलेल्या तावावर कचेरीची जांभळी शाई धाग्याधाग्याने पसरते व अक्षरास मिशा फुटतात. त्यासाठी ज्या शाईत रंग विरघळलेला नसून त्याची बारीक पूड तरंगत असते अशी दाट शाई घ्यावी. ती कागदात न शिरता वर बसते. ठसा मोठ्या रेघांचा असावा. फार नाजूक नक्षी हातकागदाच्या खडबडीतपणात हरवून जाते. ठसा ओला असताच त्यावर राळेची बारीक पूड भुरभुरवून उष्णतेवर धरल्यास ती वितळून अक्षर उठून दिसते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई लवकर सुकते, तेव्हा पूड हाताशी तयार ठेवूनच ठसा मारावा. उलटपक्षी घडी घालताना हा कागद भलता गुणी. गिरणीच्या कागदातील धागे बहुतांशी एकाच दिशेस निजलेले असतात, म्हणून आडवी घडी घातल्यास तो कडेला फाटतो. हातकागदाचा लगदा चारी बाजूंस हलवून बसविलेला असतो. तो कसाही दुमडला तरी तक्रार करीत नाही. चिकटविण्यास घरची कणकेची खळ पुरते. पुस्तके बांधणारे कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात, पण तो विषारी असल्यामुळे मुलांच्या टेबलावर तो नको.

या छंदात एक धोका आहे. कार्ड सुंदर झाले की शेजारीण म्हणते, मला दहा करून द्या. कोणी पन्नास मागतो. पाहता पाहता छंदाचे दुकान होते. चार पैसे घरात येणे वाईट, असे कोण म्हणेल? पण तासभर खपून केलेल्या कार्डाची किंमत छापील कार्डाशी ताडून पाहिली जाते. मग करणारी बाई तास वाचवू लागते, तयार चिकटचित्रे आणते, टिंबेही ठशातच कोरून घेते. आणि शेवटी जे निघते ते छापील कार्डाहून महाग आणि त्याहून निर्जीव असते. हाताने करावयाचे तर मागणी मर्यादित ठेवण्याचे धैर्य हवे, आणि घेणाऱ्याने तासाचे मोल देण्याची दानत.

ती दानत दाखविण्याची जागा मराठी मुलुखात आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, तिच्या वरोऱ्याजवळील आनंदवनात जे नाना हस्तव्यवसाय चालतात त्यांत शुभेच्छापत्रे करण्याचाही एक आहे. ज्यांच्या हाताचे पाणी समाजाने घेतले नाही, त्यांच्या हातची शुभेच्छा घरोघर जाते, हे साधे काम नव्हे. आणि त्याच १९४९ साली जगाच्या दुसऱ्या टोकास, युद्धाने पोळलेल्या चेकोस्लोव्हाकियात, जित्का सामकोवा या सात वर्षांच्या मुलीने युनिसेफकडून आपल्या गावास मिळालेल्या मदतीचे आभार मानण्यासाठी चित्र काढले. कागद मिळेना म्हणून ते तिने काचेवर काढले. युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र म्हणून तेच छापले गेले.

कागदाचा एवढा तुटवडा गारखेड्यात सुदैवाने नाही. हातकागदाचा मोठा ताव बहुधा बावीस इंच बाय तीस इंच असतो. त्याचे सात इंच बाय दहा इंचांचे नऊ तुकडे निघतात. प्रत्येकाची मधोमध घडी घातली की नऊ कार्डे झाली. त्यांतील कडेच्या तुकड्यांची फाटल्यासारखी दिसणारी किनार कात्रीने सरळ करू नये, तीच त्या कागदाची शोभा. एक इंच रुंदीची पट्टी उरते. नवा ठसा कार्डावर मारण्यापूर्वी त्या पट्टीवर मारून पाहतात, आणि घरातील मुलांना खेळावयास मिळते ती तीच.