घरच्या व्हिडिओला आवाज देताना



जामसांवलीला हनुमानाची मूर्ती निजलेल्या रूपात आहे,
पिंपळाच्या झाडाखाली.
पांढुर्णा-सौंसरकडची कितीतरी कुटुंबं दर्शनाला येतात.
मोबाइलवर व्हिडिओ काढतात.
घरी गेल्यावर त्यावर मोठ्या आवाजात गाणं चढवतात.

मग आजी काय बोलली, ते ऐकूच येत नाही.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा.
बोलणं पुढे,
संगीत मागे.

निवेदन वेगळं रेकॉर्ड करा.
पंखा बंद ठेवा.
गाद्या, कपडे असलेल्या खोलीत बसा.
तिथे आवाज घुमत नाही.
मोबाइल तोंडापासून वीतभर दूर,
जरा बाजूला धरा.
म्हणजे श्वासाचा फुसकारा येत नाही.

आणि निवेदन आजीलाच करू द्या.
कागद देऊ नका.
पूर्वी जामसांवलीला कशी जायचीस, एवढंच विचारा.
ती अडखळली, तर अडखळू द्या.
ते थांबणंही तिचंच आहे.

एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये संगीताचा आवाज वेगळा कमी करता येतो.
आजी बोलते तिथे तो अगदी खाली आणा.
मंदिराच्या घंटेचा मूळ आवाज मात्र पुसू नका.

पुन्हा सांगते.
बोलणं पुढे,
संगीत मागे.

व्हिडिओ सगळ्यांसाठी टाकणार असाल, तर गाणं जपून निवडा.
अभंग जुना असला,
तरी त्याच्या रेकॉर्डिंगवर कुणाचा तरी हक्क असू शकतो.
भारतात हा हक्क 60 वर्षं टिकतो.
त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाला विचारा.
टाळ-मृदंग त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करा.

आजीचं मूळ रेकॉर्डिंग वेगळं जपून ठेवा.