लोखंडी नांगर आणि गावचा सुतार
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

यंत्र कसे जन्मास येते असे विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आरेखनाचा फलक आणि त्यावर वाकलेला अभियंता उभा राहतो. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. कागदावरील रेषा पुऱ्या झाल्या तरी यंत्राची रचना बरीच शिल्लक उरते. आणि तो उरलेला भाग ज्यांच्यामुळे पुरा होतो, त्यांची नावे यंत्रावर कोरली जात नाहीत. लोखंडी नांगराचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, आणि बेळगावकरांना तर तो घरचाच वाटावा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु डोळ्यांतील रंगांधतेमुळे रंगांचा मार्ग खुंटला आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांनी शिकविले, बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. तो पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही समजूत केवळ या भागापुरती नव्हती. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे एकस्व घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही हाच आक्षेप घेतला होता. त्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. परंतु हलक्या जमिनीत नांगर खोल गेला म्हणजे खालची कच्ची माती वर येते आणि पहिल्या हंगामात पीक उतरते, हे खरेच घडते. शेतकऱ्याने दोष चुकीच्या ठिकाणी लावला असेल. पण त्याने जे पाहिले ते खोटे असलेच पाहिजे असे नाही.

शिवाय तो जो नांगर सोडून देणार होता, तो काही टाकाऊ नव्हता. बाभळीच्या लाकडाचा, लोखंडी फाळाचा तो नांगर गावचा सुतार घडवी आणि फाळ लोहार शेवटी. मोडला तर त्याच दिवशी गावातच दुरुस्त होई. कारागिराला मोल मिळे ते बहुतांशी खळ्यावर, बलुत्याच्या रूपाने. रोख पैशाचा संबंध फारसा नव्हता. काळ्या भारी जमिनीत बैलांच्या अनेक जोड्या लागत, तेव्हा इर्जिक घालून शेजाऱ्यांचे बैल जमविले जात आणि त्यांना जेवण घातले जाई. एक अवजार म्हणजे एवढा सारा व्यवहार होता. नव्या नांगराने केवळ माती उलथून भागणार नव्हते.

खुद्द माती उलथण्याचे काम तरी कोठे सोपे होते! लाकडी नांगराची लांब दांडी थेट जुवाला जोडलेली असते. लोखंडी नांगर साखळीने ओढतात. जू उंच असले किंवा साखळी आखूड पडली, तर ओढ वरच्या बाजूस लागते आणि फाळ जमिनीबाहेर येऊ पाहतो. म्हणजे बैलाची उंची हीसुद्धा आरेखनातील एक संख्याच झाली. विलायतेत घोड्याच्या खांद्यावरून लागणारी ओढ धरून बनविलेला नांगर येथे वशिंडापुढच्या जुवाला जुंपला, तर साखळी आणि तिची अडकवण नव्याने जुळवावी लागे. आणि हे जुळले की नाही, हे चार सऱ्या चालून गेल्यावर रुमण्यावर हात असलेल्या माणसालाच कळे.

दुसरी अडचण झिजेची. फाळ मऊ असेल तर लवकर बोथट होतो, फार कठीण असेल तर दगडावर तुटतो. इंग्लंडमधील इप्सविचचे रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर एक सुंदर तोड काढली. ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड करावयाची, म्हणजे ती कठीण होते. वरची बाजू त्या मानाने मऊ राहून आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. झिजेशी झगडण्याऐवजी तिलाच कामाला लावण्याची ही युक्ती अभियांत्रिकीतील मोठ्या शोधांच्या पंक्तीत बसावी. न्यूबोल्डचा नांगर मात्र बराचसा एकसंध ओतलेला होता. एक भाग मोडला की सारेच वाया. अमेरिकेतील जेथ्रो वुड याने १८१९ च्या आपल्या एकस्वात भाग सुटे केले, आणि झिजलेला तेवढाच बदलता येऊ लागला.

येथून समाजावरील परिणाम सुरू होतो. सुटा भाग गावात होत नाही, तो कारखान्यात होतो. त्याला रोख पैसे पडतात. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ गेले. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, आणि निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे ओतारी, जोडारी, यंत्रकारागीर अशी नवी माणसे घडली, महिन्याचा पगार घेऊ लागली. शेतात खोलवर मुळे धरून बसलेली हरळी आणि कुंदा खणून काढण्यास माणसांचे किती दिवस जात! ते काम खोल नांगरटीने हलके केले. लोखंडी नांगर रुजला तो मुख्यतः या गुणावर.

पण नांगर विकला जाताना गावच्या सुताराच्या कामातला एक मोठा वाटा गेला, याची नोंद किमतीच्या पत्रकात कोठे असणार? कुळव, पाभर, गाडी ही कामे राहिली. तरी बलुत्याचा हिशेब कामाशी जोडलेला असतो, आणि काम घटले की शेतकऱ्याचा हातही आखडतो. ज्याची मिळकत वाढली आणि ज्याची घटली, ते दोघे एकाच पारावर बसत होते. नांगर करणाऱ्याने ही हानी टाळावयास हवी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ती झालीच नाही असे म्हणणे अधिक अन्यायाचे.

लोहाराच्या बाबतीत मात्र रचनेने वेगळे वळण घेतले. भारतीय नांगरांमध्ये पुढे एक प्रकार चांगला परिचित झाला. त्यात फाळाच्या टोकाऐवजी पोलादाची एक सळई बसविलेली असते. टोक झिजले की ती थोडी पुढे सरकवावयाची, बोथट झाली की काढून शेवटावयाची. त्यासाठी कारखान्याकडे जावे लागत नाही; गावच्या लोहाराचा भाता, ऐरण आणि घण पुरे होतात.