कोऱ्या कापडाचे ठिगळ
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या हातात तळहाताहून लहान असा कापडाचा तुकडा आहे. कापड गेरूच्या रंगाचे आहे, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने तारपा वाजवणारा माणूस भरला आहे आणि पाठीमागे इस्त्रीने चिकटणारा थर आहे. दुकानात याला पॅच म्हणतात. आपल्या आजीच्या भाषेत हे ठिगळच.

पालघर जिल्ह्यातील मुलींच्या एका वसतिगृहात मी दर शनिवारी शिवणकाम शिकवते. पहिल्याच वर्षी सहावीतल्या एका मुलीच्या गणवेशाची बाही कोपरावर फाटली. मी घाईघाईने कोऱ्या सुती कापडावर फूल भरले आणि इस्त्रीने चिकटवून दिले. दोन धुण्यांत कापड आटले, कडा उचलल्या आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी ते बाहीवर लोंबू लागले. मुली हसल्या. पोटात दुखते असे सांगून ती तीन दिवस शाळेत गेली नाही. कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा प्रभूने दिलेला दाखला मी लहानपणापासून ऐकत आले. सुई हातात असताना मात्र तो आठवला नाही.

म्हणून पहिली गोष्ट: कापड आधी धुऊन, वाळवून घ्या. जाडसर सुती कापड चांगले. गडद दोऱ्याचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहा.

कापड रिंगमध्ये ताणून बसवा आणि पेन्सिलने चित्र काढा. गडद कापडावर पांढरा कार्बन वापरा. भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यांतले दोन किंवा तीन घ्या. रेषेला उलटी टीप, आतला भाग भरायला भरीव टाका. वारली चित्र नवशिक्या हाताला सोपे जाते, कारण माणसाचे अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि हातपाय म्हणजे सरळ रेषा. कडेने दाट भरीव टाक्याची चौकट करा.

भरून झाल्यावर रिंग काढा. कागद लावलेली दोन्ही बाजूंनी चिकटणारी फ्यूजिंग शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते. ती पाठीमागे इस्त्रीने बसवा आणि मगच चौकटीच्या बाहेरून कापा, म्हणजे कड उसवत नाही. टाका मात्र कापू नका.

आता कागद सोलून पॅच कपड्यावर ठेवा, वर पातळ सुती फडके घाला आणि कोरडी इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. इस्त्री फिरवली तर पॅच सरकतो. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो, त्याला कमी उष्णता लागते. कोळशाच्या इस्त्रीचा ताप आपल्या हातात नसतो, म्हणून आधी आतल्या शिवणीवर तपासून पाहा. नायलॉनला इस्त्री लावूच नका, नुसते शिवा.

आणि शेवटी कडेने बारीक टाके घालाच. गोंद पॅचला जागेवर धरतो, पण धुण्यात टिकवतो तो दोराच.

दुसरी चूक मला उशिरा उमगली. त्या मुलीला फूल नकोच होते. मी तिला विचारलेच नव्हते. चौथ्या दिवशी मी कागद-पेन्सिल पुढे ठेवली, तेव्हा तिने तारपावाला काढला. तिच्या पाड्यावर लग्नघरी बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आजीचा हात पाहून ती शिकली होती. तो तिने स्वतः भरला, मी फक्त कड शिवून दिली. सोमवारी ती बाही खाली न ओढता शाळेत गेली. पुढच्या शनिवारी चार मुली फाटका नसलेला गणवेश घेऊन आल्या, आम्हालाही पॅच हवा म्हणून!

आपण पुष्कळदा मायेनेच देतो, पण घाईने देतो. ज्याच्या वस्त्राला ठिगळ लावायचे, त्याचे वस्त्र कसले आहे आणि त्याला काय हवे आहे, हे आधी पाहायला हवे.

म्हणून यंदा जुने कपडे पाठवण्यापूर्वी ते धुवा, फाटले असेल तिथे नीट शिवा. घरात उरलेल्या दोऱ्यांच्या लडी असतील तर बरोबर ठेवा. चित्र कोणते भरायचे, ते मुली ठरवतील. ज्यांना जमेल त्यांनी एखाद्या शनिवारी सुई घेऊन या.