पाठीवरचा घाव
(राजूर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आधुनिक युद्धातील स्नायपर, म्हणजे दडून अचूक नेम साधणारा बंदूकबाज, या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी चालकांची आज्ञा झाली. शिष्यवृत्त्या आणि वधूवरांच्या याद्या यांच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. आपल्या समाजातील एक वृद्ध सैनिक मला ठाऊक होते. सरहद्दीवर त्यांना पाठीत गोळी लागली होती. ते वाचले, निवृत्त होऊन घरी आले. परंतु पुढे जन्मभर अंगातील सदरा काढून ते कधी नदीवर स्नानास उतरले नाहीत. छातीवरचा घाव शूराचा आणि पाठीवरचा पळपुट्याचा, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. ती कितपत खरी, हे आज पाहावयाचे आहे.

दुरून नेम धरून सेनानायक टिपणे ही गोष्ट नवी नव्हे. 1665 साली पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या सैन्यात घुसले, तेव्हा खुद्द खानाने तीर मारून त्यांचा अंत केला, असे सभासद सांगतो. स्नायपर हा शब्दही हिंदुस्थानातीलच. स्नाइप म्हणजे पाणलावा. दलदलीतून एकाएकी उडणारा हा चपळ पक्षी टिपणे फार कठीण. अठराव्या शतकात येथील इंग्रज अंमलदार त्याच्या शिकारीला जे नाव देत, तेच पुढे रणांगणावर गेले.

या कलेचे शास्त्र झाले ते पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत. जर्मन नेमबाजांनी दुर्बिणीच्या बंदुकांनी इंग्रजी फौज हैराण केली, तेव्हा 1916 साली मेजर हेस्केथ-प्रिचर्ड या शिकाऱ्याने फ्रान्समध्ये त्यासाठी शाळाच काढली. त्याची एक युक्ती ऐकण्याजोगी आहे. कागदाच्या लगद्याचे मुंडके काठीवर लावून खंदकावर उचलावयाचे. शत्रूची गोळी त्यातून आरपार गेली की पुढच्या आणि मागच्या भोकांच्या रेषेत पेरिस्कोप लावून पाहावयाचे. नेमबाज नेमका कोठे दडला आहे, हे त्या रेषेवरून कळे.

स्नायपर बहुधा एकटा नसतो, जोडी असते. एक दुर्बिणीतून टेहळणी करतो, दुसरा बंदूक सांभाळतो. डोळे थकले की कामे बदलतात. अंगावर गोणपाटाच्या चिंध्या आणि भोवतालचाच पाला. खिडकीतून मारा करावयाचा तर तो खिडकीशी बसत नाही, खोलीच्या आत अंधारात बसतो. बंदुकीच्या तोंडाखालील धूळ उडू नये म्हणून जमीन ओली करतो. गवत कसे डुलते, धूर कोणीकडे जातो, यावरून वारा ओळखतो. एकदोन गोळ्या झाडल्या की जागा सोडतो. अधिकारी, मशीनगनवाला आणि बिनतारी यंत्रवाला ही त्याची पहिली लक्ष्ये. कारण त्यांतील एक पडला की सारी तुकडी अडून राहते. तथापि गोळीपेक्षा त्याने आणलेली बातमी पुष्कळदा अधिक मोलाची ठरते. फिनलंडचा सिमो हायहा 1939-40 च्या हिवाळ्यात तोंडात बर्फ धरून बसे. हेतू हा की श्वासाची वाफ दिसू नये. असे तासन् तास निश्चल राहणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

आता आपल्या मातीतला दाखला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळूनच मशीनगनचा भडिमार झाला. त्यांच्याखेरीज सारे जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी तोफ आणि ती चालविणारा निकामी केला; एकास टॉमीगनने मारले; गोळ्या भरावयास वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. ठाणे हाती आले, इतक्यात शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

बंधूंनो, या गोळ्या कोठे लागल्या? सन्मानपत्रात स्पष्ट लिहिले आहे: छातीत आणि पाठीत. एकट्याने मशीनगनवर चालून जाणाऱ्या वीराच्या पाठीवर घाव होता! दडलेला नेमबाज समोर येत नाही; तो ज्या बाजूस असेल त्या बाजूस घाव होतो. समोरासमोरच्या तलवारीच्या काळचे माप आजच्या युद्धास लावणे हा निव्वळ अन्याय होय.

मग दडून मारणारा भ्याड काय? तेही खरे नव्हे. शत्रूचा सशस्त्र सैनिक टिपणे युद्धाच्या नियमांत बसते. शरण आलेल्यास, जखमीस वा निःशस्त्र नागरिकास मारणे बसत नाही. 1992 पासून साराजेव्होच्या वेढ्यात पाणी आणावयास निघालेल्या बायामुलांवर नेम धरले गेले. त्या अत्याचारांबद्दल जनरल गालिच यास हेगच्या न्यायालयाने 2006 साली अपिलात जन्मठेप दिली. बंदूक तीच, दडण्याची रीत तीच. नेम कोणावर धरला, यावर शौर्य आणि पातक ठरते. आज आकाशात ड्रोन आहेत, अंगाची ऊब टिपणाऱ्या दुर्बिणी आहेत; त्यामुळे स्नायपरचे दडणे अधिक कठीण झाले आहे, परंतु हा विवेक बदललेला नाही.

राजूरने कोळशाच्या खाणी पाहिल्या आहेत. अंधारात, कोणी पाहत नसता, धीराने काम करणे म्हणजे काय, हे या गावाला शिकवावयास नको. आपली जी मुले सैन्यभरतीची तयारी करीत आहेत, त्यांनी छातीच्या मापाबरोबर डोळ्याची आणि मनाची स्थिरताही कमवावी. आणि वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की घरी परतलेल्या सैनिकाला त्याचा घाव कोणत्या बाजूस आहे, हे विचारू नये. त्या वृद्ध गृहस्थांना हे कोणी वेळीच सांगितले असते, तर त्यांचे अखेरचे दिवस अधिक सुखाचे गेले असते. ते आज हयात नाहीत. म्हणून ते येथे सांगितले.