पेन ड्राइव्हमध्ये लग्न आलं, हळद राहिली

मी अचलपूरहून बोलते आहे. बचत गटांच्या मीटिंगसाठी गावोगावी जाणं हे माझं रोजचं काम. हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या की मग बायांच्या खऱ्या गोष्टी निघतात. अलीकडे एक गोष्ट सारखी कानावर येते. "ताई, आमच्या लग्नाची सीडी आता कशावरच लागत नाही वो."

खरंच आहे ते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घराघरांत डीव्हीडी प्लेअर होता. लग्न झालं की शूटिंगवाला महिनाभरानं नवरा-नवरीच्या फोटोच्या डब्यात डिस्क आणून द्यायचा. आता प्लेअर बिघडून माळ्यावर गेला. नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. म्हणून लोक डिस्क परतवाड्याला नाहीतर अमरावतीला दुकानात देतात आणि पेन ड्राइव्हमध्ये भरून आणतात. घरी टीव्हीला लावतात आणि दोन तक्रारी सुरू होतात. एक, चित्र धूसर दिसतं. दुसरी, काहीतरी राहून गेलं. आज या दोन तक्रारींबद्दलच बोलू.

आमच्या एका गटातल्या ताईचं सांगते. तिचं लग्न २००९ सालचं. आई जाऊन आता चार वर्षं झाली. तिनं डिस्क दुकानात दिली, पेन ड्राइव्ह आणला. मंगलाष्टकं आहेत, जेवणावळ आहे, पाठवणी आहे. पण हळदीच्या दिवशी आईनं जात्याजवळ बसून गाणी म्हटली होती, ती कुठेच नाहीत. दुकानदार म्हणाला, "डिस्कमध्ये होतं ते सगळं दिलं." आणि मूळ डिस्क? ती तोवर वावरात गेली होती. पाखरं हाकलायला लोक ज्वारीत जुन्या सीड्या टांगतात ना, तशी पोरानं टांगली होती. ऊन, वारा, ओरखडे. काढून आणली, पण कोणत्याच यंत्रानं ती वाचली नाही. ताई रडायला लागली. "माय तं गेलीच, आता तिचा आवाजही गेला." नशिबानं मावशीकडे दर्यापूरला दुसरी डिस्क निघाली. त्यात हळद होती. पण प्रत्येकीच्या नशिबात अशी मावशी असेलच असं नाही. म्हणून डिस्कच्या आत काय असतं ते आधी समजून घेऊ.

आपण सगळ्यालाच सीडी म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. जुनी व्हीसीडी असते, तिच्यात साधारण ७०० एमबी मावतं. म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन डिस्क मिळायच्या. डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, दोन थरांची असेल तर ८.५ जीबी. चित्राचाही फरक आहे. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. म्हणजे डीव्हीडीत चौपटीहून थोडे जास्त ठिपके. ज्यांची डिस्क व्हीसीडी आहे त्यांना कितीही मोठ्या दुकानात नेली तरी व्हीसीडीएवढंच चित्र मिळणार. विहिरीत असेल तेवढंच पोहऱ्यात येतं.

आता डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये उघडली तर 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात काही मोठ्या फाइली असतात आणि काही अगदी छोट्या. मोठ्या फाइलींत चित्र आणि आवाज असतो. एक फाइल १ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांब शूटिंग तीन-चार तुकड्यांत दिसतं. छोट्या फाइलींत अनुक्रमणिका असते. कोणत्या तुकड्यानंतर कोणता, मेनूवर कोणतं बटण दाबलं की कुठे जायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्या गटाचं ठरावबुक नसेल तर पैसे असूनही कोणाचे किती ते कळत नाही, तसंच हे.

हा मेनूच मुख्य आहे. डिस्क लावल्यावर पहिल्यांदा जो फोटो दिसतो आणि त्यावर 'विवाह', 'हळद', 'मेंदी', 'फोटो अल्बम' अशी बटणं असतात, तो मेनू. मसाल्याच्या डब्यात जशा वेगवेगळ्या वाट्या, तसे डिस्कमध्ये वेगवेगळे भाग असतात. डिस्कची फाइल बनवणारी बरीच सॉफ्टवेअर्स सगळ्यात लांब भाग स्वतःहून निवडतात, कारण सिनेमाच्या डिस्कमध्ये सगळ्यात लांब भाग म्हणजेच सिनेमा. आपल्या लग्नात मात्र सगळ्यात लांब भाग मंगल कार्यालयातला असतो आणि जिवाचा भाग बहुतेक वेळा छोटा असतो. हळद वीस मिनिटांची. आजीची मुलाखत पाच मिनिटांची. एका वहिनीच्या डिस्कमध्ये तर वऱ्हाड शकुंतला गाडीतून अचलपूर स्टेशनात उतरताना दिसतं. आता ती गाडीही धावत नाही. असे छोटे भाग 'हो' म्हणून निवडले नाहीत तर ते मागेच राहतात. दुकानदारानं मुद्दाम काढले असं नाही. त्यानं पहिली वाटी उचलली, बाकीचा डबा उघडून पाहिला नाही.

आता धूसर चित्राकडे येऊ. याची कारणं चार-पाच आहेत आणि ती ओळखता येतात.

पहिलं कारण म्हणजे फाइल फार बारीक करणं. दोन तासांचं शूटिंग डिस्कवर चार जीबीच्या आसपास होतं आणि पेन ड्राइव्हमध्ये ते तीनशे एमबीत आलं, तर समजून घ्या की चित्र पिळून काढलं आहे. चेहऱ्यावर चौकोन-चौकोन दिसतात, साडीचे काठ पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ तर आणखी बारीक झालेला असतो. तो बघायला ठीक, ठेवायला नाही.

दुसरं, नाचताना किंवा हात हलताना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. जुनं शूटिंग एक चित्र दोन अर्ध्यांत साठवायचं, आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. जुना टीव्ही त्या बरोबर दाखवायचा. फाइल बनवताना दोन्ही अर्धी नीट जुळवावी लागतात. त्याला 'डीइंटरलेस' म्हणतात. दुकानात हा एक शब्द सांगा, त्यांना कळतो.

तिसरं, माणसं आखूड आणि जाड दिसतात. जुनं चित्र चौकोनी होतं, आताचा टीव्ही लांबट आहे. चित्र ताणून भरलं की नवरीसुद्धा पसरट दिसते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील, पण चित्र ताणू नका असं सांगायचं.

चौथं, चित्र मध्येच अडकतं. तिथे डिस्कवर घाण किंवा ओरखडा असतो. मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. टूथपेस्ट वगैरे काही लावायचं नाही. एका यंत्रावर वाचली नाही तर दुसऱ्या यंत्रावर वाचू शकते, म्हणून एका दुकानात 'खराब आहे' म्हटलं की लगेच आशा सोडायची नाही.

आणि पाचवं कारण म्हणजे दोष नसतोच. चित्र तेच असतं, टीव्ही मोठा झालेला असतो. एकवीस इंचाच्या टीव्हीवर छान दिसणारं चित्र त्रेचाळीस इंचाच्या टीव्हीवर मऊ दिसणारच. कोणी म्हणालं की "आम्ही एचडी करून देतो, जास्त पैसे द्या", तर त्याला म्हणावं, आधी दोन मिनिटांचा नमुना दाखव. जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते मोठी फाइल केल्यानं येत नाही. दुधात पाणी घातलं की तांब्या भरतो, साय वाढत नाही.

आता करायचं काय? आपण शेतकऱ्याच्या घरच्या बाया. बियाण्याची ज्वारी वेगळी आणि खायची ज्वारी वेगळी, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डिस्कचंही तेच. एक प्रत बियाण्याची, एक प्रत खायची.

बियाण्याची प्रत म्हणजे ते 'व्हिडिओ टीएस' फोल्डर जसंच्या तसं उतरवून घेणं. काही बारीक करायचं नाही, काही निवडायचं नाही, काही गाळायचं नाही. मेनू, हळद, फोटो, सगळं आपोआप येतं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे फोल्डर उघडलं की मेनूसकट डिस्क लावल्यासारखं चालतं. काही दुकानदार पूर्ण डिस्कची एकच मोठी फाइल करून देतात, तीही चालेल. फक्त काही पेन ड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल घेत नाहीत. पेन ड्राइव्ह रिकामा असूनही 'फाइल मोठी आहे' असं आलं तर कारण हे असतं. फोल्डर उतरवलं तर ही अडचण येत नाही, कारण त्यातल्या फाइली छोट्या असतात. चौसष्ट जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये अशा बारा डिस्क आरामात मावतात. म्हणजे पूर्ण गटाची लग्नं.

खायची प्रत म्हणजे टीव्हीवर, मोबाइलवर बघायची. टीव्हीला ते फोल्डर बहुधा नीट चालत नाही, त्याला साधी एमपीफोर फाइल लागते. ती बियाण्याच्या प्रतीवरून बनवायची, आणि प्रत्येक भागाची वेगळी. एक लग्नाची, एक हळदीची, एक फोटोंची. उद्या ही फाइल खराब झाली, बारीक झाली, पोरानं मोबाइलमधून उडवली, तरी बियाणं शिल्लक असतं.

दुकानात जाण्याआधी कुठे प्लेअर मिळाला तर डिस्क एकदा लावा आणि वहीत लिहा. मेनूवर किती बटणं आहेत, प्रत्येक भाग किती मिनिटांचा आहे. प्लेअर नसेल तर दुकानातच उघडून दाखवायला सांगा. काम झालं की तिथेच बसून ताळा करा. बटणं चार तर भाग चार आले का? मिनिटं जुळली का? प्रत्येक भाग सुरुवातीला, मधे आणि शेवटी थोडा-थोडा लावून पाहा. ओठ हलतात तेव्हाच आवाज येतो का, तेही पाहा. हिशोबाचा ताळा जुळल्याशिवाय आपण मीटिंग संपवत नाही. इथेही ताळा जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मूळ डिस्क फेकायची नाही, आणि वावरात तर अजिबात टांगायची नाही. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक थर असतो, त्यावर लेझरनं चित्र लिहिलेलं असतं. उष्णतेनं आणि उजेडानं तो थर कमजोर होतो. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. टिनाखालच्या पेटीत ठेवलेली डिस्क म्हणजे तव्यावर ठेवलेली डिस्क. घरात जिथे धान्य थंड राहतं तिथे, डब्यात, उभी ठेवा. आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. लेकीकडे, बहिणीकडे. आमच्या ताईला मावशीच्या डिस्कनं वाचवलं, ते याचमुळे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं आपल्या घरच्या शूटिंगबद्दल आहे, किंवा गटाच्या कार्यक्रमांबद्दल. विकत आणलेल्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असतं. तिच्या प्रती काढून वाटणं, विकणं कायद्यात बसत नाही. त्या फंदात पडायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? तर ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या लिहिल्या गेल्या, त्यातल्या काही आवाजातही उतरवल्या. आज 'पारी' या संस्थेनं त्या सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्या आहेत. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. म्हणून ती ओवी नुसतं गाणं राहत नाही, कोणाची तरी आई, कोणाची तरी आजी होते. पण त्यांच्या हाताला लागलं नाही, ते आपल्या घरच्या डिस्कवर असू शकतं. हळदीत गाणाऱ्या कितीतरी बाया कधी कोणत्या पुस्तकात येणार नाहीत. त्यांचा आवाज फक्त त्या एका छोट्या भागात आहे. म्हणून फाइलीला नाव देताना 'लग्न १', 'लग्न २' असं देऊ नका. 'हळद, गाणारी अमुक, गाव अमुक, साल अमुक' असं लिहा. वीस वर्षांनी नात विचारेल, ही कोण गाते? तेव्हा सांगणारं कोणी असेलच असं नाही.

शेवटी एक काम देते. पुढच्या मीटिंगला प्रत्येकीनं घरातल्या डिस्क शोधून आणायच्या. कोणाकडे किती, कोणत्या सालाच्या, कोणत्या भागांच्या, ते एका वहीत लिहा. ज्या घरात माणूस गेलेलं आहे, त्यांची डिस्क आधी. यूएसबीला लागणारं डिस्क वाचायचं यंत्र बाजारात मिळतं. गटानं मिळून एक घेतलं आणि कॉलेजात जाणारी एखादी पोरगी लॅपटॉप घेऊन बसली, तर एका रविवारी बरंचसं काम होऊन जातं. फोल्डर उतरवायला फार शिक्षण लागत नाही, धीर लागतो.

आणि ज्यांनी आधीच पेन ड्राइव्ह भरून आणला आहे, त्यांनी आज घरी जाऊन एवढंच पाहा, हळद आली का? नसेल आली, तर डिस्क अजून घरात आहे तोवर परत दुकानात जा.