बिनपरवान्याचे मजूर



आज आम्ही तुम्हाला लांबच्या देशातल्या एका भांडणाची हकिकत सांगणार आहोत. देश अमेरिका. परवाना नसताना जी माणसे देशात शिरतात त्यांचे करायचे काय, असे ते भांडण आहे. घालवून द्यायचे, की राहू द्यायचे? त्यावर तिकडे निवडणुका लढवल्या जातात. तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचे काय? ते पुढे येईलच.

अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिको देश आहे. दोघांची हद्द लागून आहे. ती सुमारे 3,100 किलोमीटर लांब आहे. तिच्यातली निम्म्याहून जास्त हद्द म्हणजे एक नदी. तिचे नाव रिओ ग्रांदे. नदीच्या उत्तरेला मजुरी जास्त, दक्षिणेला कमी. मग काय होणार, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या बीडकडची माणसे बिऱ्हाड घेऊन सांगली-कोल्हापुराकडे ऊस तोडायला जातातच की. पण बीडहून सांगलीला जायला परवाना लागत नाही.

1942 साली महायुद्ध चालू होते. अमेरिकेचे तरुण सैन्यात गेले. शेतावर माणसे कमी पडली. तेव्हा तिथल्या सरकारने मेक्सिकोशी करार केला. मजूर हंगामापुरते यायचे, काम करायचे, परत जायचे. त्या मजुरांना ब्रासेरो म्हणत. स्पॅनिश भाषेत ब्रासो म्हणजे बाहू. नावातच बघा, हात हवेत, माणूस नको!

हा करार 1964 सालापर्यंत चालला. बावीस वर्षांत सुमारे 46 लाख करारपत्रे झाली. एकच गडी अनेकदा जाई, म्हणून माणसे त्याहून कमी. निंदणीला त्यांना आखूड दांड्याची कुदळ देत. दिवसभर कमरेत वाकून काम! कॅलिफोर्निया राज्यात त्या कुदळीवर बंदी आली ती 1975 साली. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीचा दहावा हिस्सा कापून ठेवत. गावी गेल्यावर मिळेल, असे सांगत. पुष्कळांना तो मिळालाच नाही.

आता भांडणाची मुळी कुठे आहे ती ऐका. करारावरचे मजूर येत होते, त्याच वेळी बिनपरवान्याचे मजूरही नदी ओलांडून येत होते. बागाइतदारांना ते बरे वाटत. करार नाही, ठरलेली मजुरी नाही, राहायला खोली द्यायला नको. तक्रार केली तर शिपायाला बोलावण्याचा धाक. 1952 साली कायदा झाला. बिनपरवान्याच्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरला. पण त्यातच एक ओळ घातली, की कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. टेक्सास राज्यातल्या बागाइतदारांचे सरकारदरबारी वजन होते. म्हणजे घरात घेतला तर गुन्हा, वावरात घेतला तर नाही!

पुढे 1954 साली मोठी धरपकड झाली. शेतांतून, वस्त्यांतून माणसे धरली. मोटारींत, आगगाडीत, बोटींत भरून मेक्सिकोत नेऊन सोडली. दहा लाखांवर माणसे गेली, असे सरकार म्हणाले. इतिहास लिहिणारे म्हणतात, हा आकडा फुगवलेला आहे. त्या झपाट्यात काही अमेरिकेचे नागरिकही बाहेर काढले गेले. आणि बागाइतदारांचे काय झाले? त्यांना करारावरचे मजूर भरपूर मिळाले. 1956 साली चार लाखांवर करार झाले.

तुम्हाला वाटेल, मालक एका बाजूला आणि मजूर दुसऱ्या बाजूला, असा हा वाद असेल. तसा तो नाही. सेझार चावेझ नावाचे शेतमजुरांचे मोठे पुढारी होते. त्यांचे घराणे मूळचे मेक्सिकोचे. लहानपणी ते स्वतः शेतोशेती मजुरी करत हिंडले. ते गांधीजींना मानत. 1968 साली त्यांनी मोठा उपास केला होता. हेच चावेझ सरकारला सांगत, की बिनपरवान्याच्या मजुरांना आवरा. का? तर मजुरांनी संप केला, की मालक हद्दीपलीकडून माणसे आणीत आणि संप मोडीत. 1974 साली त्यांच्या संघटनेने अशा मजुरांची माहिती सरकारला कळवण्याची मोहीमच काढली. त्यांच्याच समाजातले पुष्कळ लोक त्यामुळे रागावले. पुढे संघटनेनेही आपले धोरण बदलले. आम्हाला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. संपावर बसलेल्याचीही चूल विझलेली, आणि नदी ओलांडून आलेल्याचीही.

1986 साली नवा कायदा आला. आधीपासून राहणाऱ्या सुमारे 27 लाख लोकांना कागदपत्रे मिळाली. शिवाय मालकालाही प्रथमच दंड ठेवला. पण त्याने जाणूनबुजून बिनपरवान्याचा माणूस ठेवला असेल तरच दंड. मजुराने कागद दाखवला, कागद खरा दिसला, की मालक सुटला. मग खोट्या कागदांचा धंदा जोरात चालला.

1990 नंतर हद्दीवर कुंपणे आणि पहारे वाढले. शहरांजवळची वाट बंद झाली. लोक वाळवंटातून येऊ लागले. हजारो माणसे तहानेने, उन्हाने मेली. आणखी एक झाले. पूर्वी गडी हंगाम संपला की घरी जाई. आता परत येणे जिवावरचे झाले, म्हणून तो तिकडेच राहिला. बायकामुलांनाही त्याने बोलावून घेतले. 1990 साली बिनपरवान्याची माणसे अंदाजे 35 लाख होती. 2007 साली ती 1 कोटी 22 लाख झाली. यातले सगळेच कुंपण ओलांडून आले असे नाही. कित्येक रीतसर विमानाने आले, आणि मुदत संपल्यावर परत गेले नाहीत.

कायदा पाळा म्हणणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, रीतसर अर्ज करून वीस-वीस वर्षे वाट पाहणारे आहेत. त्यांनी का थांबावे? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. पण आजही तिथल्या शेतमजुरांत शंभरांत चाळीसच्या आसपास बिनपरवान्याचे आहेत. तिथल्या लोकांच्या ताटातली भाजी त्यांनी खुडलेली असते.

आता आपला संबंध ऐका. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात 104 भारतीय होते. बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे. तिघे आपल्या महाराष्ट्राचे. प्रवासभर हातांत बेड्या, पायांत साखळ्या. दुसऱ्या दिवशी आपल्या संसदेत त्यावर मोठा गदारोळ झाला. बेकायदा राहणाऱ्या आपल्या माणसांना परत घेणे हे प्रत्येक देशाचे काम आहे, असे परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले. ते खरेच आहे. बेड्या घालायला हव्या होत्या का, हा प्रश्न वेगळा.

या वाटेने जाणाऱ्यांतल्या कित्येकांनी दलालाला लाखो रुपये मोजले. कोणी जमीन विकली, कोणी कर्ज काढले. कोलंबिया आणि पनामा या देशांमधले रान तुडवीत कितीतरी जण गेले. आपल्याकडचा मुकादम आधी उचल देतो. हा दलाल आधी पैसे घेतो. विमानात तो नव्हता.

1983 च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्याला भारत सरकारचा परवाना लागतो. त्या परवान्याला नंबर असतो. दलाल दारात आला, तर नंबर मागा. देश कोणता, मालक कोण, काम कोणते, पगार किती, हे कागदावर लिहिले आहे का, ते बघा. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. तुम्हाला आता वाचता येते.