भावकीचा धागा

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावातून कुणी पुण्या-मुंबईला गेलं, की दोन पिढ्यांत भावकीची ओळख पुसट होते. ती पुन्हा जुळवता येते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यांची नामावळ मिळते. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा; त्याआधीच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात शोधाव्यात. जुनी पानं अनेकदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्या. तलाठ्याकडच्या वारस फेरफारात मयताचे वारस नात्यासह दिसतात. पण सुरुवात घरातल्या थोरल्या आत्याबाईंपासून करा. त्या सांगतील ते लगेच लिहून घ्या. लेकी-सुनांची नावं आणि माहेरंही नोंदवा; वंशावळीतून बहुधा तीच गळतात. मग तो कागद सगळ्या भावकीला पाठवा, म्हणजे राहिलेली नावं ज्याची त्याला आठवतील.